स्नॉर्कलिंगला एकच दिवस आहे: एलिफंट बीच की नील?

नाशिकहून अंदमानला निघालेल्या माणसाचा पहिला थांबा सेल्युलर जेल. सावरकरांचं भगूर इतकं जवळ असताना ते वेगळं सांगायला नको. घोळ होतो तो पुढच्या बेटांचा. टूरवाल्याच्या कार्यक्रमात ‘स्नॉर्कलिंग’ (म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं) एवढा एकच शब्द असतो. ते हॅवलॉकच्या एलिफंट बीचला करायचं की नीलच्या भरतपूर बीचला, हे आपण विचारत नाही आणि तोही सांगत नाही. (2018 पासून ही बेटं कागदोपत्री स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. बोलण्यात अजून जुनीच नावं चालतात.) मी दोन्हीकडे उतरलोय. नॉर्थ बे इथे धरलेलं नाही, ते पोर्ट ब्लेअरहून अर्ध्या दिवसात उरकायचं प्रकरण आहे.

नुसतं पाणी बघाल तर एलिफंट बीच सरस. हॅवलॉक जेटीवरून बोटीने वीसेक मिनिटं, नाहीतर जंगलातल्या पायवाटेने चालत. कमरेएवढ्या पाण्यातून थोडं पुढे सरकलं की खाली प्रवाळ सुरू होतो. 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून अंदमानच्या प्रवाळाला मोठा फटका बसला, त्यामुळे फोटोतले रंग सगळीकडे मिळतील असं नाही. तरी मासे भरपूर. पोहता न येणाऱ्यालाही इथे धीर येतो. आमच्या सौ. नाशिकच्या सावरकर जलतरण तलावावर कधी पायरीच्या पुढे गेल्या नाहीत, त्या इथे निवांत तरंगत होत्या.

आता मला जे खटकलं ते. तिथे तुम्हाला एका रबरी ट्यूबमध्ये अडकवतात आणि गाईड ती ट्यूब ओढत नेतो. ठरलेली फेरी, ठरलेली मिनिटं. मागे पुढचा गट जॅकेट घालून उभाच असतो. माझ्या खाली एक पॅरटफिश प्रवाळ खरवडत होता. हा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, खडकाचा चुराही गिळतो आणि त्याची वाळू करून मागे सोडतो. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर फोटो काढतो तिच्यातली बरीचशी त्याचीच. पाण्यात कान बुडालेले असले की ते खरवडणं ऐकू येतं, कुणीतरी चणे फोडत बसल्यासारखं कट-कट. मी थांबायची खूण केली. गाईड म्हणाला, “आगे और बड़ा है साब,” आणि ट्यूब पुढे गेली. पुढे मोठं काही होतं की नाही, आठवत नाही. त्या पोराचीही चूक नाही म्हणा, दिवसभर तो हेच करतो. पण इतक्या लांब येऊन मासा बघायचा आणि थांबायचं नाही, हे माझ्या काही पचनी पडलं नाही. परतीच्या बोटीची वेळही डोक्यावर असते.

नीलला ही घाई कमी वाटली. ट्यूब आणि गाईड तिथेही आहेत, जेट स्कीचा आवाज आणि काचेच्या तळाच्या बोटीही आहेत. पण किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरायचं असल्याने बोट चुकायची भीती नाही. सकाळी लवकर, पोर्ट ब्लेअरहून येणारी गर्दी उतरायच्या आत गेलात, तर गाईडलाही बोलायला वेळ असतो. “थांब” म्हटलं की आमचा गाईड थांबायचा. तिथे मी एका मोठ्या शिंपल्यावर बराच वेळ तरंगत राहिलो. प्रवाळात रुतलेला, उघड्या तोंडाची कड निळी-जांभळी. माझी सावली पडली की तो आक्रसून मिटायचा, बाजूला सरकलो की हळूहळू पुन्हा उघडायचा.

नीलची अडचण म्हणजे ओहोटी. तेव्हा पाणी इतकं उतरतं की प्रवाळ उघडा पडतो. पोहायला जागा राहत नाही आणि त्याच्यावर पाय ठेवला तर तो मोडतो, शिवाय आपला तळवाही फाटतो. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असल्याने फरक आणखी मोठा. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक बघा. भरती सकाळी येत असेल तर उत्तम. तिथे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास अंधारतं, दुपारनंतरच्या भरतीचा उपयोग कमीच. गोदेला पाणी किती आलं ते आपण दुतोंड्या मारुतीवरून ठरवतो, तसं नीलला मी जेटीच्या खांबांवरचा ओला पट्टा बघायचो.

दोन्हीकडे लागू असलेलं एक, मिशीवाल्यांसाठी. भाड्याचा मास्क मिशीपाशी गळतो आणि खारं पाणी नाकात जातं. मिशीला व्हॅसलिन चोपडा, बराच फरक पडतो. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क इथूनच घेऊन जावा, तिथे मिळेलच या भरवशावर राहू नये. आणि गाईड नको वाटला तरी एकटं भटकू नका. 2010 मध्ये हॅवलॉकच्याच राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. मगरीचा इशारा देणारा फलक दिसला तर त्या पाण्यात उतरूच नये.

सोबत आई-वडील, लहान मुलं असतील, कुणाला पोहता येत नसेल आणि पाण्याखालचा फोटो मिळाला की समाधान असेल, तर एलिफंट बीच करा, वाईट नाही. तुमच्या तारखांना नीलची भरती अवेळी असेल तरी तेच. एरवी मी नील म्हणेन. शिवाय ते अंदमानचं भाजीपाल्याचं बेट. पोहून आल्यावर शेताच्या कडेने चालताना नाशिकच्या माणसाला फारसं परकं वाटत नाही.

फक्त बहुतेक पॅकेजमध्ये नील हे हॅवलॉकहून परतताना दोन-चार तासांपुरतं उरकलेलं असतं, आणि ती वेळ नेमकी भर दुपारची. तेवढ्यात हे काही जमत नाही. टूरवाल्याला सांगा, हॅवलॉकची एक रात्र कमी कर आणि नीलला मुक्काम दे. तो आधी कां-कूं करील, हॉटेलचं कारण सांगेल. बुकिंगच्या आधीच धरून बसलात तर बहुधा करून देतो.