उंची पाच फूट एक इंच, सायकल एकोणीस इंची

पहिली हायब्रिड, म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलीच्या मधली सायकल, दुकानदाराच्या भरवशावर घेतली. दांडीवरून पाय टाकून उभी राहिले तर दोन्ही टाचा अधांतरी. म्हटलं, "भाऊ, उंच होतेय मला." तो म्हणाला, "नडीतैती अक्का (चालतंय ताई), सीट खाली करून देतो." पाना फिरवला, सीट तळाला. मला कन्नड कळतं, सायकलीतलं काही कळत नव्हतं.

बेळगावच्या वडगावातून येळ्ळूरला शाळेत शिकवायला जाते मी. पंधरा दिवसांत गुडघे बोलायला लागले, कारण सीट एवढी खाली की पाय कधी सरळच होत नव्हता. शाळेत पोचून खडू हातात घेतला की बोटांना मुंग्या. सीट खाली गेली म्हणून हँडल जवळ येत नाही, अंगाचा भार हातांवरच राहतो, एवढी साधी गोष्ट उमगायला चार महिने गेले. ती १९ इंची फ्रेम होती. पाच फूट दहा इंचाच्या माझ्या भाच्याला बरोबर बसली.

दुसरी घेताना घरूनच माप घेऊन गेले. अनवाणी भिंतीला पाठ लावायची, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये सीटसारखं घट्ट वर धरायचं, वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची खूण. माझं जमिनीपासून ७१ सेंटीमीटर भरलं. दांडी मध्ये घेऊन उभं राहिल्यावर तीन-चार सेंटीमीटर तरी मोकळं हवं, मग उतरती दांडी असलेली १५ इंची निवडली. सीट लावताना टाच पायडलवर ठेवली, पायडल तळाला, गुडघा सरळ. चवड्यावर आलं की तो आपोआप किंचित वाकतो. आता मुंग्या नाहीत. दुकानातला पोरगा गियर दाखवायला उतावीळ होता, त्याला म्हटलं थांब रे जरा, आधी बसू दे.

गियर २१ आहेत, पण रोज लागतात चार-पाच. बाकीचे राजहंसगडाच्या चढापुरते. पुढं २८ दातांचं, मागं ३४ दातांचं चक्र लावलं की पायडलची एक फेरी झाली तरी चाक पुरती फेरी घेत नाही. मुंगीच्या चालीनं का होईना, न उतरता वर जाते. पुढच्या शॉकअपची हौस मुद्दाम केली नाही. स्वस्तातला शॉकअप वजनाला जड, चढाला नुसता खालीवर होतो. खड्ड्यांचा मार ३५ मिलीमीटरचे टायर बऱ्यापैकी झेलतात. हवा टायरच्या कडेला लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरत नाही.

ब्रेक वायरचे डिस्क, म्हणजे चाकाच्या मधल्या चकतीला धरणारे. आपल्याकडचा पाऊस महिना-महिना हटत नाही, तेव्हा रिमला घासणारे जुने ब्रेक चिखल-वाळूनं झिजतात आणि ऐनवेळी घसरतात. तेलाचे डिस्क दाबायला मऊ असतात असं सगळे म्हणतात, पण वायर सैल पडली तर मी स्टाफरूमच्या दारात बसून आवळू शकते.

आता तक्रारी. मडगार्ड, कॅरियर, स्टँड, काहीच सोबत येत नाही. १८,५०० मोजूनही वरचा खर्च निराळा. चेनला कव्हर नाही, दोन सलवारींच्या कडा काळ्या झाल्या, आता उजव्या पायाला पट्टा बांधते. येळ्ळूरच्या शिवारातली काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी बसते की काडीनं खरवडावी लागते. छोट्या फ्रेमला चाक मात्र मोठ्या फ्रेमचंच, ७०० सी मापाचं. त्यामुळं हळू वळताना पुढच्या मडगार्डला चप्पलचं टोक लागतं. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ एकदा तोल गेला होता. आता वळताना पायडल मारत नाही.

सीट मात्र अजून रुळली नाही. शहापुरात दुसरी बघून ठेवलीय, पगार झाला की आणते.