उलुरू की लॉर्ड हाव? ऑस्ट्रेलियाला जाताय तर आधी हे वाचा

सिडनीपर्यंत जाताय आणि पुढे एकच लांबची जागा जमणार असेल तर माझं मत सरळ उलुरू, कारण ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातला ३४८ मीटर उंचीचा तो लाल खडक नुसता खडक नाहीये, तिथल्या मूळनिवासी अनंगू लोकांचं ते पवित्र ठिकाण आहे, १९८५ मध्ये जमीन त्यांना परत मिळाली आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून वर चढणं कायमचं बंद झालं, जे व्हायलाच हवं होतं! चढायचं नाही मग करायचं काय? खालून चक्कर मारा, साधारण १० किलोमीटर, वाटेत मुतिजुलू पाणवठ्याजवळ गुहेच्या भिंतीवर जुनी चित्रं आहेत, तिथे थांबा. काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळाच.

लॉर्ड हाव हे बेट एकदम वेगळं. सिडनीहून विमानाने दोनेक तास, एका वेळी फक्त ४०० पर्यटक, लोक सायकलवर फिरतात, प्रवाळ अगदी किनाऱ्यालगत. तिथला मोठा काडीकीटक जहाजातून आलेल्या उंदरांनी संपवला असंच सगळे धरून चालले होते, तो २००१ मध्ये शेजारच्या बॉल्स पिरॅमिड या सुळक्यावर एका झुडपाखाली जिवंत सापडला, मला तर हे वाचून काटाच आला! पण १७८८ आधी बेटावर माणूस राहत नव्हता, त्यामुळे जुनी संस्कृती शोधाल तर मिळणार नाही. आणि खर्च दणकून.

मे-जूनच्या सुट्टीत उलुरू, रात्री स्वेटर लागतोच. डिसेंबरात मात्र बेटच, वाळवंटात तेव्हा चाळिशीचं ऊन असतं.