हवाई आणि अवकाश कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम: दायित्वाचा भाग उत्तम, कंत्राटांचा उरकलेला

मी विमान विम्याच्या दाव्यांचं काम करते. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. अलीकडे टेबलावर उपग्रह प्रक्षेपणाचे कागद यायला लागले आणि त्यातली अर्धी कलमं डोक्यावरून जात होती, म्हणून हा अभ्यासक्रम घेतला. आधीच सांगते, पैसे आणि वेळ सत्कारणी लागले. पण ज्या कामासाठी बरेच जण नाव नोंदवतील, त्या व्यावसायिक कंत्राटांच्या बाजूला तो कमी पडतो.

सगळ्यात आवडली ती शिकवण्याची पद्धत. प्रत्येक लेक्चरला मूळ कराराचा मजकूर उघडा असतो आणि सर एकेक वाक्य थांबून वाचतात. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं सहावं कलम असंच वाचलं. खासगी कंपनीने अवकाशात काहीही केलं तरी आंतरराष्ट्रीय पातळीवर जबाबदार तिचं राष्ट्र, आणि त्या राष्ट्राने आधी परवानगी द्यायची, नंतर सतत देखरेख ठेवायची. देशोदेशीचे प्रक्षेपण परवाने, अटी, विम्याची सक्ती हे सगळं या एका कलमातून कसं उगवतं ते तिथे लख्ख कळलं. नुसत्या नोट्स वाचून हे कळलं नसतं.

हवाई आणि अवकाश कायदा शेजारी ठेवून शिकवल्याचाही मोठा फायदा होतो. १९४४ च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम म्हणतं की आपल्या भूमीवरच्या हवाई क्षेत्रावर प्रत्येक देशाचं पूर्ण सार्वभौमत्व आहे. १९६७ चा करार म्हणतो, अवकाशावर कुणाचंच नाही. मग एक संपतं कुठे आणि दुसरं सुरू कुठे होतं? कोणत्याही आंतरराष्ट्रीय करारात ही रेषा आखलेली नाही. १०० किलोमीटरची कारमान रेषा सगळे सांगतात, पण ती सर्वमान्य कायदेशीर सीमा नव्हे. पर्यटकांना घेऊन वर जाऊन काही मिनिटांत परतणाऱ्या यानाला कोणता कायदा लावायचा, यावर आम्हाला दोन्ही बाजूंनी युक्तिवाद लिहायला लावले: एकदा यान किती उंचीवर आहे त्यावरून, एकदा ते कशासाठी उडतंय त्यावरून. ही असाइनमेंट मी मनापासून केली.

दायित्वाचा भाग तर या अभ्यासक्रमाचा प्राण आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून मार्च २०२१ मध्ये जुन्या बॅटऱ्यांचं पॅलेट सोडून दिलं गेलं. ते वातावरणात पूर्ण जळायला हवं होतं. ८ मार्च २०२४ ला त्याच्या आधाराचा जेमतेम ७०० ग्रॅमचा धातूचा तुकडा फ्लोरिडातल्या नेपल्स गावात एका घराचं छप्पर फोडून आत आला. प्रश्न होता, १९७२ च्या दायित्व कराराखाली भरपाई मिळेल का? चर्चेत बहुतेकांचं उत्तर 'हो' होतं, कारण जमिनीवर झालेल्या नुकसानाला तिथे पूर्ण दायित्व आहे, चूक सिद्ध करावी लागत नाही. मग सरांनी सातवं कलम समोर ठेवलं: प्रक्षेपक राष्ट्राच्या, म्हणजे ज्याने ती वस्तू अवकाशात सोडली किंवा सोडवून घेतली त्या राष्ट्राच्या, स्वतःच्या नागरिकांना हा करार लागू नाही. त्या कुटुंबाने नासाकडे सुमारे ८०,००० डॉलरचा दावा केला तो म्हणूनच या कराराबाहेरून. पण पॅलेट तर जपानच्या मालवाहू यानातून वर गेलं होतं. मग जपानचं काय? पुढचा तासभर चर्चा त्यावरच चालली. दाव्यांच्या कामात हीच सवय लागते, भरपाई मिळते असं म्हणण्याआधी ती कुणाला मिळत नाही ते बघायचं.

त्याला जोडून १९७८ मध्ये कॅनडात कोसळलेला, अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ येतो. कॅनडाने साठ लाख डॉलरहून थोडी जास्त रक्कम मागितली, १९८१ मध्ये तीस लाख कॅनडियन डॉलरवर तडजोड झाली. आणि १० फेब्रुवारी २००९ ची इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ या उपग्रहांची अवकाशातली टक्कर. अवकाशातल्या नुकसानाला चूक दाखवावी लागते, पण तिथे वाहतुकीचे बंधनकारक नियमच नाहीत, तर चूक कशाच्या मापाने ठरवायची? हा प्रश्न सरांनी उघडाच ठेवला, आणि ते बरोबरच केलं.

हवाई कायद्याचा भाग उपयोगी, पण रटाळ. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराच्या स्लाइडवर प्रवाशाच्या मृत्यू किंवा इजेसाठी १,२८,८२१ विशेष आहरण अधिकारांची (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) जुनी मर्यादा होती. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१,८८० आहे. मी कळवल्यावर आठवड्याभरात दुरुस्ती झाली, पण फी घेणाऱ्यांनी हे स्वतःहून करायला हवं. विमान भाडेपट्ट्यांवरचं सत्र मात्र झकास. २००१ च्या केपटाउन कराराखाली विमान कंपनी आधीच सही करून एक अधिकारपत्र देते. हप्ते थकले तर भाड्याने देणारा त्याच कागदावर विमानाची नोंदणी रद्द करून ते देशाबाहेर न्यायला अर्ज करू शकतो. त्या कागदाचा नमुना ओळीओळीने समजावला.

आता तक्रार. प्रक्षेपण कंत्राटात दोन्ही पक्ष एकमेकांवरचे दावे आधीच सोडून देतात. ही तरतूद आणि तिच्याभोवतीचा विमा हे या धंद्याचं मूळ, आणि तेच एका लेक्चरमध्ये उरकलं. अवकाशातून काढलेल्या खनिजांवर मालकी मान्य करणारे अमेरिकेचा २०१५ चा आणि लक्झेंबर्गचा २०१७ चा कायदा नुसते नावापुरते आले. रेडिओ लहरी आणि कक्षेतल्या जागांच्या नोंदणीचंही तसंच. २०२३ मध्ये डिश या उपग्रह टीव्ही कंपनीला अमेरिकी दूरसंचार आयोगाने दीड लाख डॉलरचा दंड केला, कारण परवान्यात कबूल केल्याप्रमाणे निवृत्त उपग्रह त्याच्या कक्षेच्या ३०० किलोमीटर वर न नेता तो सुमारे १२२ किलोमीटरवरच सोडला गेला. परवान्यातली अट म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगलं प्रकरण नाही, आणि ते पाच मिनिटांत संपलं!

उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांचे शेरे सविस्तर असतात, कलमाचा आधार कुठे चुकला ते दाखवतात. वाचन भरपूर आहे, नोकरी सांभाळून करायचं तर रोज संध्याकाळ राखून ठेवा. कायद्याचे विद्यार्थी, विमा आणि विमान भाडेपट्ट्याचं काम करणारे यांनी जरूर घ्यावा. नवउद्योगात कंत्राटं लिहिणाऱ्यांनी नाव नोंदवण्याआधी पुढच्या तुकडीचा अभ्यासक्रम मागवून प्रक्षेपण कंत्राटांना किती तास दिलेत ते बघावं. मी ते तास वाढवायची विनंती लेखी केली आहे.