जर्मनीतल्या मेन्साचा रिव्ह्यू (दूधभातासकट)

आठवड्यातून दोन तरी मेसेज येतात की ताई मास्टर्सला जर्मनी वर्थ आहे का, करिअरला फायदा होतो का, एकटं राहायला जमतं का वगैरे. एकदाच लिहून टाकते. पण युनिव्हर्सिटीचा रिव्ह्यू नाही लिहीत, ते ढीगभर आहेत, मी मेन्साचा लिहितेय कारण माझं निम्मं शिक्षण तिथल्या टेबलावरच झालंय. शहराचं नाव देत नाही, पुढे नावं ठेवायची आहेत म्हणून. सॅक्सनी राज्यात आहे एवढं बास.

मेन्सा म्हणजे विद्यार्थ्यांसाठी सवलतीत चालणारी युनिव्हर्सिटीची खानावळ. एकाच ताटाचे तीन दर असतात, विद्यार्थ्याला सगळ्यात स्वस्त, कर्मचाऱ्याला त्याहून जास्त आणि बाहेरच्या पाहुण्याला सगळ्यात महाग, आणि ते कार्ड टेकवलं की मशीनला आपोआप कळतं तुम्ही कोण ते. मी २०२३ च्या ऑक्टोबरात आले तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,२०८ युरो भरावे लागायचे (२०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ झाले), म्हणजे दर महिन्याला ९३४ हातात, त्यातून खोलीभाडं आणि इन्शुरन्स गेला की जे उरतं त्यात बाहेर जेवणं विसरा. त्यामुळं मेन्सा.

चव. खरं सांगू का, बटाटा. उकडलेला बटाटा, भाजलेला बटाटा, कुस्करलेला बटाटा, आणि शुक्रवारी माशाबरोबर बटाट्याचं सॅलड. व्हेजवाल्यांची उपासमार होत नाही, रोज एखादी तरी व्हेज किंवा व्हीगन डिश असतेच, पण मसुराचं सूप दिसलं म्हणून आमटी समजून धावू नका, त्यात सॉसेजचे तुकडे पोहत असू शकतात, आधी बोर्ड वाचा. आणि एक दिवस मी रांगेत उभी, पुढचा सहा फुटी पोरगा मोठ्या बशीत दूधभात घेतोय, वर साखर आणि दालचिनी! मिल्शराइस म्हणतात, आणि हे गोडधोड म्हणून नाही हां, हेच दुपारचं जेवण. आमच्याकडं ताप आला की दूधभात. मी सहानुभूतीनं त्याच्याकडं बघितलं, तो टुणटुणीत होता. चवीला मी ५ पैकी अडीच देते, अर्धा दालचिनीचा.

आता टेबल. आमच्या इन्स्टिट्यूटची माणसं साडेअकराला जेवायला निघतात, साडेअकरा म्हणजे साडेअकरा, आपल्याकडं तेव्हा कुकरची शिट्टी पण झालेली नसते. कॉरिडॉरमध्ये एकमेकांना "मालत्साइट" म्हणतात, म्हणजे जेवणवेळचा रामराम समजा. पहिल्या दिवशी माझ्या मागे रांगेत आमचे प्रोफेसर, स्वतःचा ट्रे स्वतः धरून. मी बाजूला झाले, सर तुम्ही पुढे व्हा म्हणून, तर त्यांना कळेचना मी का सरकले, म्हणाले रांग तर इथंच आहे. जेवण झालं की उष्टा ट्रे पण स्वतःच नेऊन पट्ट्यावर ठेवला. मी इचलकरंजीत चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, एकाही सरांना जेवताना बघितलेलं नाही.

पहिले दोन महिने मी त्या टेबलावर फक्त हसायचे. मत विचारलं की "हो बरोबर आहे" म्हणायचे. मग एका पीएचडीवाल्या मुलीनं सरळ तोंडावर सांगितलं की तू सगळ्यालाच हो म्हणतेस, त्याचा मला काही उपयोग नाही. रडू आलं होतं हो, खोलीवर जाऊन आईला फोन केला. पण ती चिडून नव्हती बोलली, दुसऱ्या दिवशी तीच माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून बसलेली. इकडं कामाला नाव ठेवलं म्हणजे माणसाला ठेवलं असं नसतं, हे मला कुठल्याच ओरिएंटेशनला नाही कळलं, तिथं कळलं.

आणि मग डिसेंबरातली गोष्ट. टेबलावर कार्बन फायबरचं रडगाणं चालू होतं, विणताना तंतू तुटून नुसतं कुसळ उडतंय. कार्बनचं कुसळ सुतासारखं नसतं, त्यातून वीज वाहते, मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्सवर बसलं की शॉर्टसर्किट. सगळे धाग्याच्या ताणाचं सेटिंग, सॉफ्टवेअर, सेन्सर यावर बोलत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, फणी (मागावरची, जिच्या दातांमधून धागे जातात ती) बघितली का? पप्पांचे आठ माग आहेत, धागा तुटायला लागला की ते आधी फणीवरून नख फिरवतात, चरे पडलेत का बघायला. हे सगळं मोडक्या जर्मनमध्ये आणि हाताच्या खुणांनी सांगितलं, काटा फणी म्हणून धरला होता. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग सगळ्यांनी टेबलावर टकटक केलं, इथं लेक्चर संपल्यावर टाळ्यांऐवजी करतात तसं. दुपारी मायक्रोस्कोपखाली फणी ठेवली, चरे होते. पुढच्या महिन्यात मला हीवीची नोकरी मिळाली, म्हणजे विद्यार्थी सहायक, आणि त्यातूनच पुढे थिसिसचा विषय. ज्या गोष्टीची मला इथं लाज वाटायची, की घरी लॅब नाही तर खडखडाट करणारे माग आहेत, तीच उपयोगाला आली. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, एवढं शिकायला तिकडं कशाला गेलीस? आता काय बोलणार.

(विचारणाऱ्यांसाठी: परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण युनिव्हर्सिटीतलं हीवीचं काम त्यात धरत नाहीत. सुपरमार्केटच्या शिफ्टच्या आधी हे शोधा. टेबलावर बसल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.)

सगळं गोडच आहे असं नाही. टेबलावर न बसता फक्त आपल्याच पोरांबरोबर खोलीवर खिचडी करून दोन वर्षं काढणारे मी बघितलेत, डिग्री त्यांनाही मिळते, पण नंतर नोकरी शोधायला मिळणाऱ्या १८ महिन्यांत ते घाबरेघुबरे होतात कारण जर्मनमध्ये चार वाक्यं सलग बोललेलीच नसतात. त्यांना दोष नाही देत, नोव्हेंबरात चारला अंधार पडतो तेव्हा खिचडीच हवी असते, मी पण खाल्लीय. आणि परीक्षा! बऱ्याच विषयांना शेवटी एकच पेपर, इंटर्नल-बिंटर्नल विसरा, आणि आमच्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्यांदा नापास झालात तर कोर्समधूनच बाहेर. पहिल्या सेमिस्टरला मी एका विषयात उडाले, मार्क ५.०, मला वाटलं १० पैकी ५ आहेत, पास. इथं १.० सगळ्यात भारी आणि ५.० म्हणजे नापास. मेन्सात बसून आनंदात सांगितलं सगळ्यांना. त्या दिवशीचं सूप कसं होतं आठवत नाही.

टिपा: साडेअकरा ते बारा जा, साडेबारानंतर ट्रे धरून जागा शोधत फिराल. सॅलड वजनावर असतं, काकडीत पैसे घालवू नका. लसणाची चटणी डबीतून न्या, कुणी काही म्हणत नाही, आमच्या टेबलावर तर आता ती मागून घेतात.

गेल्या महिन्यात थिसिस संपला आणि त्याच इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडीची नोकरी लागली. सोमवारी कार्ड टेकवलं तर बटाट्याचे पैसे जास्त कापले गेले, मला वाटलं मशीन बिघडलं, काउंटरवरच्या मावशींशी वाद घालायला गेले. त्यांनी कार्ड बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, बाई, तू आता कर्मचारी आहेस.