सुपरमॅनची जन्मकथा: ‘बर्थराइट’ घ्यावं की ‘सीक्रेट ओरिजिन’?

क्रिप्टॉन ग्रहावरून आलेलं बाळ, स्मॉलव्हिल गावात त्याला क्लार्क म्हणून वाढवणारं केंट दांपत्य, हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. ही जन्मकथा नव्याने सांगणाऱ्या या दोन कॉमिक्सपैकी एकच घ्यायचं तर कोणतं? रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला आमची मंडळी जमली की हा विषय हमखास निघतो, आणि रस्सा गार झाला तरी मिटत नाही.

‘सीक्रेट ओरिजिन’ (२००९-१०, लेखन जेफ जॉन्स, चित्रं गॅरी फ्रँक) सहाच अंकांचं, एका बैठकीत होतं. फ्रँकने क्लार्कला सरळसरळ क्रिस्टोफर रीव्हचा चेहरा दिलाय. रीव्हने सुपरमॅन केलेला १९७८ चा सिनेमा बघत वाढलेले मित्र त्यावरच फिदा आहेत. फुटबॉल खेळताना क्लार्कच्या हातून मित्र पीटचा हात मोडतो, मैत्रीण लानाने चुंबन घेतल्यावर त्याच्या डोळ्यांतून आग निघते, आईने शिवलेला पोशाख घालताना तो संकोचाने अर्धा होतो. पोराच्या चेहऱ्यावरचा तो धसका फ्रँकनेच काढावा.

‘बर्थराइट’ (२००३-०४, मार्क वेड आणि लेनिल फ्रान्सिस यू) बारा अंकांचं, आणि त्यावर नाराजीही जास्त. लेखक-चित्रकार जॉन बर्नने १९८६ साली या जन्मकथेची लावलेली घडी वाचकांच्या मनात पक्की बसली होती, ती का विस्कटली, हा पहिला राग. शिवाय क्लार्क शाकाहारी, सजीवांभोवतीचं तेज त्याला दिसतं, हे पुष्कळांच्या पचनी पडलं नाही. तेजाचा भाग मलाही जरा जास्तच वाटतो. यूची रेषाही फ्रँकइतकी लोभस नाही.

तरी माझा कौल फिरला तो ‘सीक्रेट ओरिजिन’च्या दुसऱ्या अंकामुळे. हजार वर्षांनंतरच्या काळातले, ‘लीजन’ या सुपरहिरोंच्या संघाचे तरुण स्मॉलव्हिलला येतात आणि क्लार्कला थेट भविष्यात घेऊन जातात. जुन्या वाचकांना लीजन परत आल्याचा आनंद झाला, तो मला समजतो. पण आपण पुढे केवढे होणार हे मुलाला आधीच कळलं, तर त्याने स्वतः ठरवलं काय? काळारामाच्या देवळात रामजन्माचं कीर्तन ऐकणाऱ्याला पुढची गोष्ट पाठ असते, पण ती रामाला कुणी आधी वाचून दाखवत नाही. पुन्हा वाचायला घेतलं की मी त्याच अंकाशी अडखळतो.

‘बर्थराइट’मधला क्लार्क पश्चिम आफ्रिकेत बातमीदारी करत हिंडतो, तिथे ओळखीचा माणूस डोळ्यांदेखत गमावतो आणि मग घरी येऊन आईबरोबर बसून आपलं दुसरं रूप घडवतो. चष्मा, ढगळ कपडे, खांदे पाडून चालणं, सगळं विचार करून. हा निर्णय त्याचा आहे, असं मला पानोपानी जाणवतं.

अधिकृत कोणती, हा वाद सोडून द्या. २०११ मध्ये प्रकाशक डीसीने सुपरमॅनच्या कथेची पाटी पुन्हा कोरी केली.

शाळकरी भाच्याला पहिलंवहिलं सुपरमॅन द्यायचं असेल, तर ‘सीक्रेट ओरिजिन’ द्या, त्याला आवडेल. स्वतःसाठी घेत असाल आणि बर्नची आवृत्ती तुमच्यासाठी अगदी देव्हाऱ्यात नसेल, तर मी तरी ‘बर्थराइट’च घ्या म्हणेन.