सिमेंटविना काँक्रीटची जमीन: 14 महिन्यांनंतर

आमच्या बॅटरी दुरुस्तीच्या शेडमधली जुनी जमीन तीनदा डागडुजी करून शेवटी उखडावी लागली. बॅटरीतलं गंधकाम्ल सांडलं की सिमेंट काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याची गाठ पडते आणि जिप्समचा मऊ पांढरा लगदा होतो. तो धुतला जातो, खडी उघडी पडते आणि पुढच्या वेळचं आम्ल आणखी खोल उतरतं. म्हणून नवी जमीन करताना अर्ध्या शेडला सिमेंट नसलेलं, म्हणजे जिओपॉलिमर काँक्रीट घातलं आणि उरलेल्या अर्ध्याला नेहमीचं. दोन्हीकडे काम तेच, गाड्या त्याच, सांडणारं आम्लही तेच. आता 14 महिने झाले.

यातली भुकटी दोन गोष्टींची: वीजकेंद्रातली कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश आणि लोखंडाच्या झोतभट्टीतून निघालेली, बारीक दळलेली मळी, म्हणजे स्लॅग. तिला पाण्याने नाही, तर कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणाने चालना मिळते. कल्पना जुनी आहे. कीवमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की 1950 च्या दशकातच अशा, सिमेंटसारखं बांधून ठेवणाऱ्या पदार्थांवर काम करत होते. ‘जिओपॉलिमर’ हे नाव फ्रान्सच्या जोसेफ दाविदोविट्स यांनी 1970 च्या दशकात दिलं. ऑस्ट्रेलियात टुवुम्बाजवळच्या वेलकॅम्प विमानतळावर 2014 मध्ये विमानं जिथे वळतात आणि उभी राहतात, तिथली फरसबंदी याच जातीच्या काँक्रीटची केली. हे कळल्यावर ताकदीची धास्ती उरली नाही. विमानाचं वजन पेलणारी वस्तू आमच्या हातगाड्यांना भारी पडणार नव्हती.

तसंच झालं. आम्ही 30 मेगापास्कल (दाब सोसण्याच्या ताकदीचं माप) मागितले होते. चाचणीसाठी ओतलेले 28 दिवसांचे तिन्ही ठोकळे, म्हणजे क्यूब, 40 च्या वर फुटले. फुटलेल्या क्यूबच्या आतला रंग निळसर हिरवा पाहून मी दचकलो होतो, पण तो स्लॅगमधल्या गंधकाच्या संयुगांचा असतो आणि हवा लागली की काही दिवसांत उडतो. स्लॅग असल्यामुळे भट्टीसारखी ऊब द्यावी लागली नाही, साध्या हवेत माल धरला. नुसत्या फ्लाय अ‍ॅशचं मिश्रण असतं, तर 60 ते 80 अंशांची ऊब दिल्याशिवाय लवकर ताकद आली नसती.

पण 28 दिवसांचा क्यूब ताकद सांगतो, टिकाऊपणा सांगत नाही. हे मला जमिनीच्या दोन कोपऱ्यांनी शिकवलं.

पहिला कोपरा मागच्या भिंतीकडचा. हा माल मधासारखा चिकट असतो, थापीला ओढतो आणि स्लॅग जास्त असेल तर पटकन घट्ट होऊ लागतो. शेवटच्या घाण्याला मिस्त्रीने सवयीने अर्धी बादली पाणी ओतलं. मी समोर उभा होतो आणि थांबवलं नाही, ही चूक माझीच. इथे बरंचसं पाणी सिमेंटसारखं रासायनिक क्रियेत बांधलं जात नाही. त्याचं मुख्य काम माल हलता ठेवायचं. पुढे ते बाहेर पडतं आणि मागे पोकळ्या ठेवतं. वर द्रावण पातळ झालं ते वेगळंच. त्या दोन चौरस मीटरांत आजही झाडू मारला की भुकटी निघते. माल हलत नसेल तर पाणी नको. एका वेळी थोडाच माल कालवा, नाहीतर मिश्रण ठरवतानाच त्याची तजवीज करून घ्या.

दुसरा कोपरा दाराजवळचा. ओतल्यावर सगळ्या जमिनीवर प्लास्टिकचा कागद घातला होता. दाराकडचा कागद रात्री वाऱ्याने उडाला आणि सकाळपर्यंत पृष्ठभाग सुकला. आठवड्याभरात तिथे केसभर भेगांची जाळी आली, मग लोणा धरला. मिश्रणातला सुटा सोडा ओलाव्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर होतो. ब्रशने घासला की जातो, पावसाळी हवेत परत येतो. स्लॅगवर आधारलेलं काँक्रीट सुकताना सिमेंटच्या काँक्रीटपेक्षा जास्त आकसतं, म्हणून भेगा आवरणारे जॉइंट कमी अंतरावर कापा आणि कागदाच्या कडांवर वजन ठेवा. वरून पाणी मारत बसायची सवयही इथे मोडावी लागते, कारण त्याने कोवळ्या पृष्ठभागातलं द्रावण धुतलं जातं.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते आम्ल. मधल्या पट्ट्यात, जिथे बॅटऱ्या उघडतात, साध्या काँक्रीटच्या बाजूला सहा महिन्यांतच खडीचे डोळे दिसू लागले आणि आज नखाने वाळू निघते. जिओपॉलिमरच्या बाजूला चकाकी गेली आहे, हात फिरवला तर किंचित खरखर लागते, पण खडी अजून झाकलेली आहे. फरक दारातून दिसतो. या जमिनीत मोकळा चुना नाही, त्यामुळे आम्लाला चटकन खायला काही मिळत नाही. तरी स्लॅगमध्ये कॅल्शियम असतंच, म्हणून हे पूर्ण अभेद्य नाही. आम्ही सांडलेल्यावर लगेच खायचा सोडा टाकतो आणि धुतो, दोन्ही बाजूंना सारखंच.

सळ्यांबाबत मी सावध आहे. साध्या काँक्रीटमधला चुना सळईला गंजू न देणारा तिच्याभोवतीचा अल्कधर्मीपणा बराच काळ टिकवून धरतो. इथे तो साठा नाही, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला की सळईचं हे संरक्षण लवकर जाऊ शकतं. रॅम्पमध्ये सळ्या आहेत, म्हणून तिथे सळ्यांवरचं काँक्रीटचं आवरण जाड ठेवलं. वर्षानंतर जमिनीचे दोन ठिकाणचे बारीक तुकडे छिन्नीने काढून फिनॉल्फथॅलिन लावलं; अल्कधर्मीपणा शाबूत असेल तिथे ते गुलाबी होतं. चांगल्या भागात गुलाबी रंग जवळजवळ वरपर्यंत आला; पाणी ओतलेल्या कोपऱ्यात वरचा काही मिलिमीटरचा थर रंगहीन राहिला. एकाच दिवशी, एकाच भुकटीतून झालेली जमीन, आणि एवढा फरक.

सिमेंट टाळण्यामागचं पर्यावरणाचं कारण मला मनापासून पटतं. सिमेंटची भट्टी 1450 अंशांपर्यंत तापते, पण निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा तापलेल्या चुनखडीचं विघटन झाल्यामुळेच येतो, इंधन कुठलंही वापरा. जगातल्या उत्सर्जनात सिमेंटचा हिस्सा 7-8 टक्के मानला जातो. मात्र सोडियम सिलिकेट बनवायलाही बरीच उष्णता लागते, त्यामुळे बचत द्रावणाच्या प्रमाणावर ठरते. ‘हरित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही भुकट्यांत थोडं सिमेंट असतंच. घेण्याआधी त्यात क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतो तो भट्टीतला माल, किती, ते लेखी मागा.

द्रावण आदल्या दिवशी करा. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की भांडं हात लावता येणार नाही इतकं तापतं. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. चष्मा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे न घातलेल्या माणसाला मिक्सरजवळ येऊ देऊ नका. आमच्या एका कामगाराच्या मनगटावर शिंतोडा उडाला. लगेच भरपूर पाण्याने धुतलं तरी डाग महिनाभर राहिला.

पुढच्या महिन्यात मागचा कोपरा उकरून पुन्हा घालतोय, याच भुकटीने. शेडच्या साध्या काँक्रीटच्या अर्ध्यातला बॅटरीचा पट्टाही त्याच दिवशी बदलणार आहे. यावेळी पाण्याची बादली मिक्सरपासून दूर, शेडच्या बाहेर राहील. आत फक्त हात-डोळे धुण्यापुरता नळ.