वॉरिक की लीड्स? आई-बाबा लंडनला येणार असतील तर

आई-बाबा उन्हाळ्यात लंडनला आले की एक तरी किल्ला दाखवावाच लागतो. मग घोडं अडतं ते या दोन नावांवर. आधी एक सांगून ठेवते, लीड्सचा किल्ला लीड्स शहरात नाही, तो केंटमध्ये मेडस्टनजवळ आहे. यॉर्कशरचं तिकीट काढू नका.

वॉरिक दिसायलाच दणकट. १०६८ मध्ये इंग्लंडचा राजा विल्यम द काँकररने एव्हन नदीकाठी तो उभारायला घेतला, आणि चौदाव्या शतकातले 'सीझर' आणि 'गाय' (Guy, माणसाचं नाव) हे बुरूज आजही छाती काढून उभे आहेत. तटावर चढून गेलात की गडावर आल्यासारखं वाटतं, पण पायऱ्या भरपूर. गुडघे कुरकुरत असतील त्यांना खाली हिरवळीवरच बसवा. १९७८ मध्ये सरदार घराण्याने तो मेणाच्या पुतळ्यांच्या तुसाँ कंपनीला विकला, तेव्हापासून तिथे जत्राच भरते. शिकारी पक्ष्यांचे खेळ, अंधारकोठडी, आरडाओरडा. आठ-दहा वर्षांची पोरं बरोबर असतील तर पुढे वाचूच नका, इथेच जा.

त्याच १९७८ च्या जुलैत लीड्सला इजिप्त आणि इस्रायलचे परराष्ट्रमंत्री बोलणी करायला बसले होते. एवढ्यावरून दोन्ही जागांचा स्वभाव कळावा. लीड्स पाण्यात, लेन नदीच्या तळ्यातल्या बेटांवर आहे. १२७८ मध्ये तो एलिनॉर राणीकडे आला, पुढे आठव्या हेन्री राजाने आपली पहिली राणी कॅथरीन हिच्यासाठी सजवला. मात्र समोर दिसणारी मुख्य इमारत १८२३ ची आहे, हे कुणी ठळकपणे सांगत नाही. आतली दालनं लेडी बेलीच्या हौसेची. तिने १९२६ मध्ये किल्ला विकत घेतला आणि तिच्या पश्चात तो विश्वस्त संस्थेकडे गेला. कुत्र्यांच्या गळपट्ट्यांचा संग्रहही आहे, हसू नका, बघण्यासारखा आहे.

लग्नं, मेजवान्या दोन्हीकडे होतात. फोटोंसाठी मी लीड्सच निवडेन, तळ्यामुळे. खासगी समारंभाच्या दिवशी काही भाग बंद असू शकतो, म्हणून निघण्याआधी तारीख तपासा.

वॉरिकला लंडनच्या मेरिलबोन स्टेशनहून थेट गाडी आहे आणि स्टेशनवरून चालत जाता येतं. लीड्ससाठी लंडनच्याच व्हिक्टोरिया स्टेशनहून बेअरस्टेडपर्यंत गाडी, पुढे टॅक्सी किंवा बस.

आमच्या बाबांना मी लीड्सला नेलं. तळ्याला चक्कर मारून झाल्यावर म्हणाले, "वाडा छान आहे. आता किल्ला दाखव."